नीटच्या गुणांवरून वॉर्डातलं काम ओळखायचं असेल तर

मिरजेत हॉस्पिटलच्या वॉर्डात डॉक्टरकीची पोरं शिकवता शिकवता केस पांढरे झाले. पालक हमखास विचारतात, "सर, नीटला एवढे मार्क, मग पेशंटची केस घेताना अडखळतो कसा?"

हिशेब मांडायचाच तर नीटचे ७२० पैकी गुण एका रकान्यात, वॉर्डातले दुसऱ्यात लिहा. मग आलेख काढा. ठिपके विखुरलेले दिसले तर लगेच नीटला नावं ठेवू नका. आपल्यापर्यंत येतात ती वरच्या थरातलीच पोरं. गुणांत फरकच थोडा उरतो, म्हणून संबंध असतो त्याहून कमजोर दिसतो. तासगावच्या द्राक्षबागेतले निर्यातीला निवडलेलेच घड घेऊन मण्याच्या आकारावरून गोडी ठरवायला बसलात तर असंच होणार!

मग वॉर्डातले गुण दिले कुणी, ते बघा. एक परीक्षक सढळ, दुसरा चिक्कू, तर आकडा पोराचा नसून परीक्षकाचा. ओएससीईत, म्हणजे स्थानकं मांडून घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत, सगळ्यांना तीच स्थानकं, तीच तपासणी-यादी. ते गुण घ्या. नीटच्या जोडीला पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजीचेही धरा, ते वॉर्डाला जवळचे.

या गुणांवरून वॉर्डातलं काम सांगणारं सूत्र मागच्या बॅचवर बसवा, पण तपासा या बॅचवर. हे बहुतेकजण करतच नाहीत.

आणि आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींसाठी एक रकाना मोकळा ठेवा. जतकडच्या एक आजी "पोटात कळ मारतीया" एवढंच सांगत होत्या. गुणांच्या यादीतला शेवटचा पोरगा खाली बसला, म्हणाला, "आज्जी, जेवल्यावर का उपाशीपोटी?" पाच मिनिटांत दुखण्याची सगळी हिस्ट्री हातात.