ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये पाठवण्याआधी

भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग तपासतो. ट्रेसिंग पेपरच्या काळात शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडावी लागायची, म्हणून रेघ मारण्याआधी डोकं चालवावंच लागे. आता कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, मॉडेलवरून व्ह्यू आणि मापं आपोआप पडतात. ‘चेक्ड बाय’च्या चौकटीतही बनवणाऱ्याचंच नाव! कॅडवर माझा राग नाही. न वाचता पीडीएफ पुढे ढकलण्यावर आहे. नव्या मुलांना मी हे करायला लावतो.

आधी ए३वर प्रिंट काढा. स्क्रीनवर झूम करून एकेक कोपरा दिसतो, अख्खा जॉब दिसत नाही. बरोबर मापावर पिवळा हायलायटर, चुकीच्या मापाला लाल पेन. जे रंगलं नाही ते तपासलेलं नाही. ‘बघितलं होतं सर’ चालणार नाही.

मग प्रोजेक्शनचं चिन्ह, म्हणजे व्ह्यू कागदावर कुठल्या पद्धतीने मांडलेत त्याची खूण. आपल्याकडे फर्स्ट अँगल, अमेरिकन गिऱ्हाईकाचं बहुधा थर्ड. जुनी शीट कॉपी केली की चिन्ह तसंच राहतं आणि डावीकडचं भोक उजवीकडे पडतं.

आता स्वतःला मशीनवर उभं करा. समजा २५ एच७ बोअर (२५ मिमी व्यासाचं अचूक भोक) आहे, त्यात ८ मिमी रुंद कीवे (चावी बसायची खाच), हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या भागात, खोली ३.३. मुलं सेंटरपासून खाचेच्या तळापर्यंत १५.८ लिहून मोकळी होतात. गणित बरोबर, पण सेंटर हवेत असतं, तिथे व्हर्नियर टेकवणार कशाला? बोअरच्या समोरच्या बाजूपासून २८.३ द्या. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात एम१० (१० मिमी स्क्रूचे) आटे असतील तर ८.५चं ड्रिल आट्यांपेक्षा खोल दाखवा. दोन्ही खोल्या सारख्या दिल्यात तर आटे पाडणारा टॅप तळाला टेकून मोडतो, आणि बोलणी ऑपरेटर खातो.

टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सवयीने टाकू नका. २५ एच७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१, बेअरिंग किंवा शाफ्ट बसतो तिथे ते हवंच. ज्या फेसला (सपाट बाजूला) काहीच लागत नाही, तिथे ±०.०१ म्हणजे मालकाचे पैसे ग्राइंडिंगमध्ये घालणं. ४०, ३०, ३० आणि वर एकूण १०० अशी मापांची साखळी बंद करू नका, त्यातलं बिनमहत्त्वाचं माप काढा. आणि आकार तसाच ठेवून मापाचा आकडा हाताने टाइप करणं तर कधीच नको. लेझर कटिंगवाला डीएक्सएफ फाइलमधला आकार उचलतो, तुमचा आकडा वाचत बसत नाही.

तपासायला दुसरा माणूस नसेल तर प्रिंट घेऊन टर्नरकडे (लेथवरच्या कारागिराकडे) जा. तो पहिल्यांदा विचारेल, ‘‘पकडू कुठं? बोअर आणि फेस एकाच सेटिंगला का?’’ उत्तर कागदावर सापडलं नाही तर डेटम (मापं जिथून घ्यायची तो आधार) टाकून पुन्हा प्रिंट काढा. ‘चेक्ड बाय’ त्यानंतर.