मॅगमीटरचा दोष शोधताना: रबाळ्यातील पहिले वर्ष

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून रबाळे एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात मी रुजू झाले, तेव्हा पाइपातल्या द्रवाचा प्रवाह मोजणारा मॅगमीटर ज्यावर चालतो, तो फॅरडेचा नियम मला तोंडपाठ होता: चुंबकीय क्षेत्रातून विद्युतवाहक द्रव वाहू लागला की त्याच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होते आणि समोरासमोरचे दोन इलेक्ट्रोड ते टिपतात. हे व्होल्टेज जेमतेम काही मिलिव्होल्ट असते, त्यामुळे अर्थिंग जरा कच्चे असले तरी सगळे मोजमाप बिघडते, हे मात्र कामाला लागल्यावरच कळले.

एका शटडाउननंतर ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) आउटलेटवरील मॅगमीटर ताशी ३० ते ५५ घनमीटर असा झुलू लागला. पंप एकसारखा चालत होता. मी डॅम्पिंग, म्हणजे आकड्याचे चढउतार सरासरीने गुळगुळीत करण्याचा वेळ, ३ सेकंदांवरून २० सेकंदांवर नेले, आकडा शांत झाला आणि मी निश्चिंत मनाने चहाला गेले. संध्याकाळी टोटलायझरचा, म्हणजे एकूण वाहिलेल्या द्रवाचा, आकडा टाकीच्या पातळीवरून काढलेल्या हिशेबाशी जुळेना. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी डिस्प्लेकडे न पाहता आधी पाइपवर हात फिरवला आणि विचारले, "अगं, इथला एमएसचा पाइप काढून एचडीपीई कधी टाकला?" लोखंडी पाइपातून द्रवाला आपोआप मिळणारे अर्थिंग प्लास्टिकचा पाइप आल्यावर तुटले होते. दोन्ही बाजूंच्या फ्लँजमध्ये अर्थिंग रिंगा बसवून त्या तांब्याच्या वायरीने मीटरच्या बॉडीला जोडल्या, तेव्हा डॅम्पिंग पुन्हा ३ वर आणूनही आकडा स्थिर राहिला.

पंप बंद असताना मीटर प्रवाह दाखवत असेल, तर झिरो करण्याची, म्हणजे तेव्हाचा आकडा शून्य धरायला लावण्याची, घाई करू नये. पाइप अर्धा रिकामा झाला की इलेक्ट्रोड उघडे पडतात आणि आकडा भरकटतो. त्या अवस्थेत केलेला झिरो पुढे प्रत्येक मापात चूक मिसळत राहतो. पाइप काठोकाठ भरलेला आणि द्रव पूर्ण थांबलेला, अशा स्थितीतच झिरो करावा. मीटरच्या आधी साधारण व्यासाच्या पाचपट सरळ पाइप आहे का, इलेक्ट्रोड आडव्या रेषेत आहेत का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

एवढे पाहूनही दोष सापडला नाही, तरच मल्टिमीटर हाती घ्यावा. ट्रान्समीटरचा (इलेक्ट्रोडवरचे व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचा) पुरवठा बंद करून आणि वायरी सोडवून, चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या कॉइलचा रोध मोजावा व तो मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहावा. कॉइल आणि बॉडी यांच्यामधला रोध मेगाओहममध्ये आला पाहिजे. तो कमी आला तर, निदान आमच्याकडच्या पावसाळ्यात, मी सर्वांत आधी जंक्शन बॉक्स उघडते. जुलैमध्ये एकदा झाकण काढले, तर टर्मिनलखाली वाटीभर पाणी साचलेले होते. केबल वरून थेट ग्लँडमध्ये (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या सीलमध्ये) उतरवली होती आणि पावसाचे पाणी तिच्या अंगावरून सरळ आत येत होते. बॉक्स सुकवला, ग्लँड बदलला आणि केबलला ग्लँडच्या खाली झोळ देऊन ती पुन्हा वर घेतली. आता पाणी त्या झोळावरून जमिनीवर टपकते.