मदरबोर्डच्या पहिल्या कॉलला जाण्याआधी

मुंबईत सर्व्हरचे फील्ड इंजिनीअर म्हणून लागलात की सुरुवातीचे कॉल (दुरुस्तीची कामं) सोपे मिळतात. डिस्क बदला, पॉवर सप्लाय बदला, सही घ्या, निघा. मदरबोर्डचा, म्हणजे मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड बदलण्याचा, कॉल मात्र बहुतेक वेळा शनिवारी रात्रीचा असतो, कारण मशीन बंद ठेवायची परवानगी तेव्हाच मिळते. चांदिवली असो, विक्रोळी असो की खाडीपलीकडचं महापे, शेवटच्या लोकलने जायचं आणि पहाटेच्या लोकलने परतायचं हे गृहीत धरा. नवीन मुलं बोर्ड उचलायला घाबरतात. माझ्या मते घाबरायचंच असेल तर कागदोपत्री तयारीला घाबरावं. रात्र बिघडते ती तिथे.

मशीन अजून चालू असेल तर बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनचे फोटो, सिरियल नंबर, रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) मांडणी आणि नेटवर्क पोर्टचे मॅक ॲड्रेस (पोर्टचे ओळख क्रमांक) आधी घेऊन ठेवा. फोटो काढायला बऱ्याच डेटा सेंटरमध्ये बंदी असते, मग क्लायंटच्या माणसाकडून काढून घ्या. मशीन आधीच मेलं असेल तर ही माहिती त्यांच्या जुन्या नोंदींत शोधायला लावा, आणि तेही संध्याकाळीच. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, आहे का? असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. त्या कुलपाची किल्ली जपणारी टीपीएम चिप बोर्डाशी बांधलेली असते. नवीन बोर्डावर मशीन ती की मागणार म्हणजे मागणार. रात्री दोन वाजता ज्याच्याकडे की आहे तो फोन उचलत नाही.

रॅकसमोर गेल्यावर सर्व्हर ओळखणं हे स्वतंत्र काम आहे. एकसारखी वीस मशीन एकावर एक असतात आणि मागच्या बाजूला लेबल असतंच असं नाही. पुढचं आयडी बटण दाबून निळा दिवा लावा, मागे जाऊन तोच दिवा पाहा, मगच केबलला हात. ऑपरेटिंग सिस्टीम क्लायंटनेच बंद करावी, आपण बटण दाबून नाही. बंद झालेल्या सर्व्हरमध्येही स्टँडबायची वीज असते, म्हणून दोन्ही पॉवर केबल काढा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत एखादा बारीक दिवा जळत असेल तर विझेपर्यंत थांबा. मागच्या प्रत्येक केबलला टेप लावून पोर्टचं नाव लिहा. भरलेला टू-यू (रॅकमधली दोन घरं उंच) सर्व्हर सहज पंचवीस-तीस किलोचा असतो, रेलवरून उतरवताना दुसरा माणूस घ्याच.

अंगावरची स्टॅटिक (स्थिर वीज) धातूत उतरवणाऱ्या मनगटाच्या पट्ट्याबद्दल आपल्याकडे एक लाडका गैरसमज आहे: ‘मुंबईच्या दमट हवेत कसली आलीय स्टॅटिक!’ बाहेर दमट असेल हो, पण सर्व्हर हॉलमध्ये एसी आणि आर्द्रता दोन्ही ताब्यात ठेवलेली असतात. शिवाय साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतच नाही, आणि काही चिप शंभरभर व्होल्टलाही खराब होतात. झटका लागला नाही म्हणजे स्टॅटिक नव्हती असं नाही. पट्टा ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो. क्लिप मात्र रंग न दिलेल्या उघड्या धातूला लावा. तिथूनच टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे) बिट आणि पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलही घ्या. पावसाळ्यात आणखी एक: थंडगार एसी गाडीतून आलेलं पार्सल दमट आवारात लगेच उघडू नका. बोर्ड पिशवीतच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

आता मशीन उघडणं. झाकण, हवेचं प्लास्टिक कव्हर, फॅनची चौकट, रायझर (जादा कार्ड बसवायची पट्टी), पॉवर सप्लाय, मग रॅम. रॅम कुठल्या स्लॉटची ते प्रत्येक पट्टीवर लिहा. डिस्क क्रमाने थोड्या बाहेर ओढून ठेवा, जागा बदलू नका. डेलच्या मशीनमध्ये विटकरी खूण म्हणजे चालू मशीनमध्ये काढता येणारा भाग, निळी म्हणजे बंद केल्यावरच. हीटसिंकचे (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) स्क्रू लेबलवरच्या क्रमानेच सैल करा. एका कोपऱ्यातला पूर्ण काढून मग दुसरा, असं केलं की प्रोसेसर तिरपा उचलला जातो. आणि बोर्ड हालत नसेल तर जोर लावू नका. एखादी केबल किंवा स्क्रू राहिलेला असतो. बोर्डाला धरायचा हँडल किंवा निळी खुंटी असते, तिथेच धरायचं, रॅमच्या स्लॉटला कधीही नाही.

इंटेलच्या सर्व्हरमध्ये पिना प्रोसेसरवर नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक आणि हजारोंनी. नवीन बोर्ड पिशवीतून काढला की टॉर्च तिरपा धरून सॉकेटकडे पाहा. सरळ पिना एका रांगेत चमकतात, वाकलेली वेगळीच चमकते. असं काही दिसलं तर तिथल्या तिथे क्लायंटच्या माणसाला दाखवा. नवीन सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जुन्या बोर्डाच्या सॉकेटवर बसवा. झाकण नसेल तर परत गेलेल्या बोर्डाच्या वाकलेल्या पिनांचा दोष तुमच्यावर येतो. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावायला विसरू नका.

सगळं बसवून चालू केल्यावर पडदा कित्येक मिनिटं काळाच राहतो. मशीन रॅम तपासत असतं. नवीन पोरं इथे घाबरून केबल ओढतात. मेमरी जास्त असेल तर दहा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. मग सिरियल नंबर, वेळ, बायोसच्या सेटिंग आधीच्या नोंदींवरून भरा. नेटवर्क पोर्ट बोर्डावरचेच असतील तर मॅक बदललेले असतात, ते लगेच नेटवर्कवाल्यांना कळवा. मॅकला बांधलेली लायसन्सही असतात.

शेवटी गेट पास. आत आणलेल्या बोर्डाचा सिरियल नंबर इनवर्डला (आत येणाऱ्या सामानाच्या नोंदीत) लिहितानाच ‘खराब बोर्ड आज परत नेणार’ अशी नोंद करून घ्या. सिक्युरिटीला जुन्या बोर्डाचा नंबर कुठेच सापडला नाही, तर क्लायंटचा मॅनेजर सोमवारी ऑफिसला येईपर्यंत तो बोर्ड तिथेच राहतो, आणि तुमचा कॉलही उघडाच.