निवासी वस्तीत वृद्धांसाठी छोटे ग्रुप होम : झोनिंगची परवानगी कशी मिळवावी

अमेरिकेतील एखाद्या निवासी वस्तीत सहा-आठ वृद्धांना सांभाळणारे घर सुरू करायचे असेल, तर दोन परवानग्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. घर चालवण्याचा परवाना राज्याचे खाते देते. त्या जागेचा असा वापर करता येईल की नाही, हे शहर किंवा काउंटी ठरवते. हा लेख दुसऱ्या परवानगीबद्दल, म्हणजे झोनिंगबद्दल आहे. घर पाहून ठेवलेले आहे, राज्याच्या परवान्याच्या अटी वाचलेल्या आहेत आणि खर्चाचा हिशेब मांडलेला आहे, असे मी गृहीत धरले आहे.

घर पाहून ठेवलेले असावे, विकत घेतलेले नसावे. ‘आधी घर घ्या, परवानगी मागाहून मिळतेच’ हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्यापायी लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकलेलीही पाहिली आहे. झोनिंगची मंजुरी न मिळाल्यास व्यवहार रद्द होईल आणि इसारा परत मिळेल, अशी अट खरेदीच्या करारात स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी. विकणारा या अटीला तयार नसेल, तर दुसरे घर पाहावे.

पहिली पायरी : परवानगी मुळात लागते का, हे तपासा

बरेच लोक थेट कंडिशनल यूज परमिटचा, म्हणजे सुनावणी घेऊन अटींसह दिल्या जाणाऱ्या वापराच्या परवानगीचा, अर्ज भरायला बसतात. त्याआधी राज्याचा कायदा वाचावा, कारण अनेक राज्यांनी लहान घरांच्या बाबतीत शहरांचे अधिकार मर्यादित केले आहेत. कॅलिफोर्नियात सहा किंवा त्याहून कमी वृद्धांच्या परवानाधारक निवासाला झोनिंगच्या दृष्टीने एका कुटुंबाचे घरच मानावे लागते. फ्लोरिडातही सहापर्यंत रहिवाशांच्या घराला तशीच वागणूक मिळते, मात्र त्याच प्रकारचे दुसरे घर 1000 फुटांच्या आत असता कामा नये. वॉशिंग्टन राज्यात ‘अॅडल्ट फॅमिली होम’ हा निवासी भागातला मान्य वापर आहे. तुमचे घर अशा तरतुदीत बसत असेल, तर सुनावणीचा प्रश्नच उद्भवत नाही. शहराच्या नियोजन विभागाकडून तसे लेखी पत्र घ्यावे, ज्याला तिथे झोनिंग व्हेरिफिकेशन लेटर म्हणतात, आणि कामाला लागावे. फोनवर मिळालेल्या ‘हो, चालेल’ या उत्तराला काडीची किंमत नाही, कारण उत्तर देणारा अधिकारी बदलला की उत्तरही बदलते.

राज्याच्या कायद्याचा आधार मिळत नसेल, तर शहराच्या नियमावलीत ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या शोधावी. कोणत्या भागात कोणता वापर चालतो हे सांगणारा वापरांचा तक्ता त्यानंतर पाहावा. रक्ताचे किंवा लग्नाचे नाते नसलेल्या किती जणांनी एका घरात राहावे, यावर शहरे मर्यादा घालू शकतात, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली बेल टेर गावाच्या खटल्यात मान्य केले. तुमच्या रहिवाशांची संख्या त्या मर्यादेत असेल, तर शहराला तुमचे घर सहसा अडवता येत नाही. संख्या जास्त असेल, तर पुढचे सगळे वाचावे लागेल.

दुसरी पायरी : संख्या ठरवण्याआधी इमारतीचे नियम पाहा

झोनिंगचा विभाग आणि इमारत विभाग एकमेकांशी बोलतात, असे समजून चालू नये. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेनुसार पाचपर्यंत व्यक्तींची देखभाल होणारे घर साध्या घराच्या जवळपासच्या वर्गात, म्हणजे आर-3 मध्ये बसते. सहा ते सोळा जण असले, तर ते आर-4 या वर्गात जाते. शिवाय आगीच्या वेळी रहिवाशांना बाहेर पडण्यासाठी दुसऱ्याची मदत लागणार असेल, तर अटी आणखी कडक होतात. पाचाचे सहा करताना एकच खाट वाढते, पण स्प्रिंकलर, दरवाजे आणि धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा यांचा खर्च कुठच्या कुठे जातो. हे आकडे हातात आल्याशिवाय अर्जावर रहिवाशांची संख्या लिहू नये.

तिसरी पायरी : अर्जापूर्वीची बैठक

नियोजन विभागाकडे वेळ मागावी, जागेचा साधा नकाशा न्यावा आणि बैठकीत जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने त्यांना लिहून पाठवावे.

चौथी पायरी : वाजवी सवलतीची मागणी

खरी अडचण इथे येते. मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्यावर, आणि बाजारात मिळणारे बहुतेक चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दलचे आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

‘फेअर हाउसिंग अॅक्ट’मध्ये 1988 साली दुरुस्ती झाली आणि अपंगत्व असलेल्या व्यक्तींना घराच्या बाबतीत भेदभावापासून संरक्षण मिळाले. त्या दुरुस्तीनुसार, अपंग व्यक्तीला इतरांसारखे घर मिळावे यासाठी नियमांत वाजवी सवलत देणे आवश्यक असेल, तर ती नाकारणे हाही भेदभावच ठरतो. हा कायदा शहरांच्या झोनिंग नियमांनाही लागू आहे. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने, आपल्या ‘कुटुंबा’च्या व्याख्येतील पाच बिगरनातेवाईकांची मर्यादा या कायद्याच्या बाहेर आहे, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली तो फेटाळला.

आता पहिला इशारा. हा कायदा वृद्धत्वाला संरक्षण देत नाही, अपंगत्वाला देतो. ‘आमचे रहिवासी ज्येष्ठ नागरिक आहेत, म्हणून आम्हाला सवलत मिळाली पाहिजे’ असे लिहिलेला अर्ज पहिल्याच वाचनात कोसळतो, कारण ऐंशी वर्षांचा धडधाकट माणूस कायद्याच्या दृष्टीने अपंग नाही. तुमच्या घरात राहणाऱ्यांना चालणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, वेळच्या वेळी औषधे घेणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते, किंवा स्मृतिभ्रंशामुळे त्यांना एकटे सोडता येत नाही, ही वस्तुस्थिती अर्जात आली पाहिजे. ती रहिवाशांची नावे किंवा वैद्यकीय कागद जोडून आणायची नाही. शहराला ते मागण्याचे कारण नाही आणि तुम्ही ते देऊ नयेत. तुमच्या प्रवेशाच्या अटी लेखी असू द्या, राज्याच्या परवान्यात कोणत्या प्रकारच्या देखभालीचा उल्लेख आहे ते दाखवा आणि अशा अवस्थेतील व्यक्तींनाच इथे प्रवेश मिळतो, असे स्पष्टपणे लिहा. जाहिरातीत ‘निवृत्तीनंतरचे निवांत जीवन’ अशी भाषा वापरली असेल, तर अर्जाआधी ती काढून टाका, कारण विरोधक ती छापून सुनावणीत ठेवतात.

दुसरा इशारा संख्येबद्दल आहे आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. कायद्यातला कळीचा शब्द ‘आवश्यक’ हा आहे. नियमाने पाच जण चालत असतील आणि तुम्ही आठ मागत असाल, तर आठच का, याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते. न्यू जर्सीतील स्कॉच प्लेन्स येथे वृद्धांसाठी 95 खाटांचे केंद्र उभारू पाहणाऱ्यांना 2002 साली अपील न्यायालयात हार पत्करावी लागली. त्या जागेवरील वाहतुकीच्या अडचणी हे एक कारण होते, आणि एवढे मोठे केंद्र आवश्यक का आहे हे अर्जदारांना दाखवता आले नाही, हे दुसरे. याउलट मिशिगनमधील टेलर शहराविरुद्धच्या 1996 सालच्या खटल्यात प्रश्न होता तो निवासी भागातल्या, अपंग वृद्धांच्या छोट्या घराचा. सहा जणांत असे घर आर्थिकदृष्ट्या तग धरू शकत नाही, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. पण बारा मागणाऱ्यांना नऊच मिळाले. या दोन निकालांतून घ्यायचे ते एवढेच : जो आकडा मागाल, त्यामागचा हिशेब अर्जातच मांडलेला असला पाहिजे.

तो हिशेब मी असा मांडतो. रात्रभर जागा राहणारा एक मदतनीस ठेवायचा, तर त्याचा महिन्याचा खर्च किती, तो पाच जणांत वाटला तर प्रत्येकावर किती बोजा पडतो आणि आठ जणांत वाटला तर किती, आणि पाचांच्या हिशेबात रात्रीची जागती देखभाल देणेच का अशक्य होते. यात नफ्याचा उल्लेखही येत नाही. रहिवाशाला रात्री दोन वाजता शौचालयात जाताना हात धरायला माणूस मिळतो की नाही, हा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडावा. शेवटी मागणी एका वाक्यात लिहावी : ‘या पत्त्यावरील घराच्या बाबतीत कुटुंबाच्या व्याख्येतील पाच व्यक्तींची मर्यादा आठ करावी, ही सवलत रहिवाशांच्या अपंगत्वामुळे आवश्यक आहे आणि तिची कारणे सोबत जोडली आहेत.’ सगळी नियमावली बदलण्याची मागणी कधीही करू नये.

तिसरा इशारा. जे काही सांगायचे आहे, ते सगळे शहराच्या फाइलमध्ये लेखी गेले पाहिजे. ‘उरलेले कोर्टात पाहू’ असे सांगणारा वकील बदलावा. स्कॉच प्लेन्सच्याच खटल्यात न्यायालयाने सांगितले, की सवलत नाकारल्याच्या तक्रारीवर निर्णय देताना झोनिंगचे अर्ज ऐकणाऱ्या स्थानिक मंडळापुढे जे ठेवले गेले होते तेवढेच पाहिले जाईल. म्हणजे पार्किंगचा नकाशा, खर्चाचा हिशेब, परवान्याच्या अटी, यातील जे सुनावणीआधी दाखल झाले नाही, त्याचा नंतर उपयोग होईलच असे धरून चालता येत नाही.

अनेक शहरांत वाजवी सवलतीसाठी स्वतंत्र कार्यपद्धती असते आणि तिचा निर्णय जाहीर सुनावणीशिवाय अधिकारी स्तरावर होतो. ती उपलब्ध असेल तर तोच मार्ग धरावा. खिडकीवरचा कर्मचारी सवयीने कंडिशनल यूज परमिटचा अर्ज पुढे करतो. तो घेण्याआधी ही पद्धत आहे का, असे नाव घेऊन विचारावे.

जवळ दुसरे ग्रुप होम आहे म्हणून शहर नकार देत असेल, तर लगेच माघार घेऊ नका. अशा अंतराच्या नियमांबद्दल अपील न्यायालयांत एकमत नाही. आठव्या सर्किटने (सर्किट म्हणजे संघीय अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) 1991 साली सेंट पॉल शहराबाबतच्या खटल्यात पाव मैलाचा नियम उचलून धरला, तर सहाव्या सर्किटने 1996 साली मिशिगनचा 1500 फुटांचा नियम या कायद्याविरुद्ध ठरवला. तुमचे राज्य कोणत्या सर्किटमध्ये येते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

पाचवी पायरी : शेजारी आणि सुनावणी

‘शेजाऱ्यांना सुगावा लागू देऊ नका’ हा आणखी एक वाईट सल्ला. सुनावणी होणार असेल, तर शहराची नोटीस त्यांच्या घरी जाणारच आहे, आणि ती सरकारी भाषेतील नोटीस हीच त्यांना मिळालेली पहिली माहिती असेल, तर ते सुनावणीला चिडूनच येतात. नोटीस निघण्याआधी लगतच्या आणि समोरच्या घरी स्वतः जावे. सभा बोलावू नये. सभेत सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचे मत ठरवतो. मंडळाच्या सदस्यांना मात्र खासगीत फोन करू नये की भेटू नये. कंडिशनल यूजची सुनावणी न्यायालयीन स्वरूपाची असते आणि अशा भेटींमुळे मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते.

शेजाऱ्यांच्या हरकती दोन प्रकारच्या असतात. ‘असले लोक इथे नकोत’ या भीतीच्या आधारावर शहराला नकार देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली टेक्सासमधील क्लेबर्न शहराच्या खटल्यात सांगितले आहे. त्याला उत्तर देत बसू नये. पार्किंग, रुग्णवाहिका आणि कचऱ्याचे डबे या खऱ्या हरकती आहेत आणि त्यांची उत्तरे कागदावर हवीत. पाळी बदलण्याच्या वेळचा नकाशा काढावा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या मदतनीसांच्या गाड्या आणि भेटीला आलेल्या मुलाची गाडी अशा सगळ्या गाड्या तुमच्याच आवारात कुठे उभ्या राहतील, ते मापासह दाखवावे. हा एक कागद तासाभराच्या भाषणाहून अधिक काम करतो. बोलायला वकिलाऐवजी प्रत्यक्ष देखभाल करणारी व्यक्ती उभी करावी.

मंजुरीसोबत अटी येतात. आवारातच पार्किंग, कुंपणालगत झाडे, पाटी नसणे या अटी मान्य कराव्यात. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नकोत, भेटीला येणाऱ्यांच्या संख्येवर बंधन, दरवर्षी शेजाऱ्यांची संमती, अशा अटींवर तिथल्या तिथे हरकत नोंदवावी. त्या वेळी गप्प राहिल्यास पुढे लढणे कठीण जाते. वस्तीच्या एचओएने, म्हणजे घरमालकांच्या संघाने, करारातील ‘फक्त एका कुटुंबासाठी’ हे कलम दाखवले, तर फेअर हाउसिंग अॅक्ट त्यांनाही लागू आहे, हे त्यांना लेखी कळवावे.

सहावी पायरी : निर्णयानंतर

निर्णय कारणांसह लेखी घ्यावा. अपिलाची मुदत स्थानिक नियमांनुसार फार थोड्या दिवसांची असते. मंजुरी मिळाली असेल, तर शेजाऱ्यांच्या अपिलाची मुदत संपेपर्यंत भिंत तोडू नये. नकार मिळाला असेल, तर स्थानिक अपील आधी दाखल करावे. संघीय गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, तक्रार करण्यासाठी एक वर्ष आणि संघीय न्यायालयात दाव्यासाठी दोन वर्षे मिळतात. पण त्या मुदतींच्या भरवशावर स्थानिक मुदत हातची जाऊ देऊ नये. मंजुरीचा वापर ठरावीक काळात सुरू केला नाही, तर ती आपोआप संपते आणि राज्याचा परवाना त्याहून उशिरा येण्याची शक्यता असते, म्हणून मुदतवाढीचा अर्ज कधी आणि कोणाकडे करायचा, हे मंजुरीचे पत्र हातात घेतानाच विचारून ठेवावे.