बडोद्यातील सोप्या पायवाटा : कमाटीबाग आणि नर्मदा कालवा

नव्याने चालायला लागणाऱ्यांनी आणि गुडघ्यांची कुरकुर असणाऱ्या ज्येष्ठांनी सुरुवात सयाजीबागेतूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, 1879 मध्ये उभारलेल्या आणि जुन्या मंडळींच्या तोंडी आजही ‘कमाटीबाग’ असलेल्या या उद्यानात ‘काळा घोडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अश्वारूढ पुतळ्याच्या बाजूने शिरावे, सावलीच्या रस्त्याने संग्रहालयापर्यंत जावे आणि मग विश्वामित्री नदीवरील पुलावर थोडे थांबावे. हिवाळ्याच्या सकाळी काठच्या चिखलावर ऊन खात पडलेली मगर ओंडक्यासारखी दिसते. म्हणूनच पाण्याजवळ उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रविवारी फार गर्दी असते.

शहराबाहेरचा नर्मदा कालवा मात्र वेगळी शिस्त मागतो. त्याचे काँक्रीटचे उतार शेवाळामुळे निसरडे होतात आणि प्रवाहात पडलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, वर चढणे अतिशय कठीण जाते. त्यामुळे जिथे चालण्याची मुभा आहे तिथेच, काठापासून दूर राहून, मुलांचा हात धरून चालावे. सावली तुरळक असल्याने उन्हाळ्यात नऊच्या आत परतावे आणि पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी.