तापासोबत सुजलेली पोटरी: बाँडवर येणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

बाँडच्या सक्तीच्या सेवेसाठी विदर्भात ग्रामीण रुग्णालयात रुजू झालात की सुजलेले पाय रोज बघाल. धानाच्या बांधीत पायाला काहीतरी लागलेलं असतं, त्याचं सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, होतं. हत्तीरोग तर इकडे जुनाच. त्यामुळे पायाची सूज म्हटली की हात आपोआप अँटिबायोटिककडे जातो. नव्वद टक्के वेळा ते चालूनही जातं, म्हणूनच सवय लागते.

माझ्याकडे आलेल्या एका तिशीतल्या शेतमजूर बाईची गोष्ट सांगते. "लय ठणकते जी, रातभर डोळा नाही लागला," एवढंच ती सांगत होती. महिनाभर बारीक ताप, गावात दोनतीनदा सलाईन झालेलं. पोटरी ताठ, गरम. सोबतच्यांचं म्हणणं, गळू आहे, चिरा मारून पू काढा. पण छातीला स्टेथो लावला तर मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) स्पष्ट, आणि विचारल्यावर कळलं की लहानपणी सांधे सुजायचे. रुमॅटिक हृदयविकार (लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेल्या झडपा) आणि लांबलेला ताप एकत्र दिसले, की एंडोकार्डायटिसचा, म्हणजे झडपेच्या जंतुसंसर्गाचा, विचार आधी करायचा. झडपेवरचा जंतूंचा कण रक्तासोबत निघतो, धमनीत अडकतो, तिथली भिंत पोखरतो आणि ती फुगते.

असा फुगा पायात बहुधा मांडीच्या धमनीत किंवा गुडघ्यामागे सापडतो. या बाईचा मात्र गुडघ्याखाली, टिबिओपेरोनिअल ट्रंक या पोटरीतल्या खोल धमनीत निघाला. ही जागा फसवी. वर पोटरीचा जाड स्नायू, त्यामुळे धडधड हाताला लागेलच असं नाही. दुसऱ्या धमन्या चालू असतील तर पावलाची नाडीही लागते. म्हणून गळू वाटलं तरी खोल सुजेत सुई किंवा चाकू घालण्याआधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. डीव्हीटी (खोल शिरेतली रक्ताची गुठळी) समजून रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू करण्याआधीही तेच. फुगा फुटण्याच्या बेतात असेल तर हेपरिनने रक्तस्राव हाताबाहेर जातो. डॉप्लरवर आत रक्त गरगरताना दिसतं. धमन्यांचा नेमका नकाशा सीटी अँजिओग्राफी देते, त्यासाठी बहुतेकदा नागपूर गाठावं लागतं.

पेशंट स्थिर असेल तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी): तीन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. बाटल्या नसतील तर जिल्ह्याला फोन करून मागवा, लाजू नका. बीपी पडत असेल तर मात्र कल्चरसाठी अडून बसायचं नाही.

तिची धमनी पुढे बांधून टाकली. पायाच्या पुढच्या बाजूची धमनी, अँटिरिअर टिबिअल, मोकळी होती, म्हणून पाऊल तगलं. ती बंद असती तर शिरेचा तुकडा जोडून (ग्राफ्ट) रक्ताला नवी वाट द्यावी लागली असती. खरी ओढाताण नंतर झाली. शिरेतून अँटिबायोटिक सहा आठवडे, आणि घरी कापूस वेचायला आलेला. नवरा रोज विचारायचा, "सुटी कधी होते जी?" ताप उतरला तरी उपचार अर्धवट सोडायचे नसतात, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी बसवून सांगा. फुगा कधीकधी उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही दिसतो. तेव्हा पाय पुन्हा दुखला तर परत यायचं, हेही सांगा.

रेफरच्या चिठ्ठीत "पाय सुजला" एवढंच लिहू नका. मर्मर ऐकू आली का, दोन्ही पावलांच्या नाड्या कशा, बोटं हलतात का, पोटरी किती ताठ आहे, आणि कोणतं अँटिबायोटिक किती वाजता दिलं, हे लिहा. 108 ची अँब्युलन्स निघण्याआधी तिकडच्या रेसिडेंट डॉक्टरला फोन करा. चिठ्ठी वाटेत हरवते.