टीबीआयचं फ्युएल प्रेशर: स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवाल्या (टीबीआय, म्हणजे थ्रॉटलच्या वरूनच पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्या नागपुरात बोटांवर मोजण्याइतक्या. जुन्या जीपमध्ये बसवलेलं जीएमचं (जनरल मोटर्सचं) ४.३ लिटर व्ही-६, एखादी बाहेरून आलेली रँगलर, संपलं. पण यातली जी गाडी माझ्याकडे येते तिच्या रेग्युलेटरचा, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर ठरवणाऱ्या भागाचा, स्क्रू आधीच कोणीतरी फिरवलेला असतो. किती फिरवला विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोन-अडीच आटे असन, भाऊ." आटे हे प्रेशरचं माप कधीपासून झालं?

(बदललेलं इंजिन आरसीवर चढलंय का, ते आरटीओत मिटवून या. माझं काम पेट्रोलपासून सुरू होतं.)

भलतंच गेज

जीएमच्या दोन इंजेक्टरवाल्या टीबीआयचं मूळ प्रेशर ९ ते १३ पीएसआय (हे प्रेशरचं माप). एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) गाड्यांसाठी मिळणारं गेज १०० पीएसआयपर्यंतचं असतं. त्यावर १२ आणि १५ मधला फरक म्हणजे सुईची जाडी. ० ते ३० चं गेज घ्या. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असतो, तो आपल्याच इंजिनच्या मॅन्युअलमधून काढा, मित्राच्या गाडीवरून नको.

आयडलवर बघून स्क्रू फिरवणं

या चुकीवर माझा खास राग आहे, कारण मी स्वतः ती केलेली आहे.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला, गाडी वरच्या आरपीएमला लीन चालते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मग मालक बोनेट उघडतो, इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवतो आणि स्क्रू कसतो. आवाज जरा जड होतो, दोन मिनिटांत पुन्हा होता तसा होतो. "काही फरकच नाही पडला" म्हणून अजून एक आटा.

फरक पडलेला असतो, ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, तो झाकलेला असतो. इंजिन गरम झालं की ऑक्सिजन सेन्सर सांगतो, पेट्रोल जास्त येतंय. ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ कमी करतो आणि आयडलवर, सावकाश चालवताना सगळं गोड वाटतं. पूर्ण रेस दिली की तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आपल्या तक्त्यातला आकडा काढतो. तुमचं सगळं जास्तीचं प्रेशर तिथे बाहेर येतं. थंड इंजिन स्टार्ट करतानाही तेच. सकाळी प्लग ओले होतात आणि मालक प्लगला शिव्या देतो.

किती वाढवायचं याचा हिशेब शाळेतला आहे: पेट्रोलचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो. १२ चे १८ पीएसआय केले तर पेट्रोल दीडपट होत नाही, साधारण २२ टक्के वाढतं. १२ चे २४ केले तरी ४१ टक्केच. उलटं पाहा, १० टक्के जास्त पेट्रोल हवं असेल तर १२ वरून साडेचौदा पुरे. साध्या कॅमला आणि एक्झॉस्टला याहून जास्त लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही. यापुढे जायचं असेल तर मोठे इंजेक्टर किंवा चिपमधला तक्ता बदलणं. त्याला वेळ लागतो, म्हणून लोक स्क्रूकडे वळतात.

माझी सवय अशी. गेजला लांब होज लावतो आणि ते बाहेरून काचेवर चिकटपट्टीने बसवतो. केबिनमध्ये पेट्रोलची लाइन कधीच नाही, कितीही चांगली क्लिप असली तरी. मग गाडी रामटेकच्या गडाच्या चढणीवर नेतो, कारण शहरात चढण म्हणजे उड्डाणपूल. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन सुई बघायला शेजारी माणूस बसवतो. आयडलला १३ दाखवणारी सुई तिथे ८ वर आली, तर स्क्रूचा काही संबंध नाही. फिल्टर चोंदलाय, नाहीतर पंपाला वीज पुरत नाही. मी एकदा अशाच गाडीचा स्क्रू कसत कसत १८ वर नेला होता. शेवटी पंपाच्या टोकांवर मीटर लावला तर साडेदहा व्होल्ट. गंजलेलं अर्थिंग घासलं, जाड वायर टाकली, काम झालं. आणि १८ वर नेलेला स्क्रू खाली आणायचा विसरलो. पुढचे दोन आठवडे ती गाडी रस्त्यावर काळा धूर सोडत फिरली.

दुसरी सवय: बदल केल्यावर ईसीयू पेट्रोल किती वाढवायला किंवा कापायला शिकलाय ते स्कॅनरवर वाचायचं. जीएममध्ये हा आकडा १२८ च्या आसपास असायला हवा. त्याहून वर म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, खाली म्हणजे कापतोय. मी १२० ते १३५ मध्ये समाधानी असतो. आणि हो, आता पंपावर मिळतं ते ई-२० आहे, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमुळे तसंही जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे ईसीयूच्या हातातली काही जागा आधीच वापरलेली असते. जुने आकडे डोळे झाकून लावू नका. जुना रबरी होज आणि रेग्युलेटरचा डायफ्रामही तपासा, इथेनॉल त्यांना सोडत नाही.

रिटर्न लाइन विसरणं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू व्हायला दोन-तीन दिवस होते. एक पोरगा जीप घेऊन आला, काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काजळीने भरलेले. आधी जिथे दाखवली तिथे दोन ऑक्सिजन सेन्सर बदलून झाले होते. मी गेज लावलं, २१ पीएसआय. स्क्रू पूर्ण सैल केला, तरी २१.

"काहून उतरून नाही राहिलं, भाऊ?" तो विचारत होता, आणि मी टाकीकडे बघत होतो.

रेग्युलेटर म्हणजे एक दार. जास्तीचं पेट्रोल तो रिटर्न लाइनने टाकीत सोडतो. पुढे वाट अरुंद असेल तर दार कितीही उघडा, गर्दी तिथेच. इंजिन बंद ठेवून पंपाच्या रिलेला जंपर देऊन नुसता पंप चालवला, रिटर्नचा होज इंजिनजवळ काढून कॅनमध्ये सोडला. सुई झपकन ९ वर. म्हणजे रेग्युलेटर निर्दोष, दोष मागे. नवीन टाकी बनवताना रिटर्नचं तोंड ८ ऐवजी ६ मिमीचं लावलं होतं आणि पंप होता कुठल्यातरी एमपीएफआय गाडीचा, गरजेच्या कितीतरी पट पेट्रोल फेकणारा. ही जोडी असली की स्क्रू ही शोभेची वस्तू.

तोंड बदललं, पंप कमी दाबाचा लावला. पंप मुद्दाम बदलला, कारण मोठा पंप तेच पेट्रोल इंजिनच्या उष्णतेतून टाकीत फिरवत राहतो, आणि ४५ डिग्रीच्या नागपुरात ते आधीच कढत असतं. १२ पीएसआयच्या लाइनीत वाफ धरायला वेळ लागत नाही, मग दुपारी थांबवलेली गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही.

कॅनची चाचणी सकाळी, थंड इंजिनवर करा. अग्निशामक हाताशी ठेवा. आणि कूलर बंद करा. गॅरेजात कूलरसमोर बसून पेट्रोलची लाइन उघडणारे पाहिले आहेत, त्याची मोटर आणि बटण ठिणगी टाकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रेग्युलेटरला व्हॅक्युमचा होज जोडणं: टीबीआयचा इंजेक्टर थ्रॉटलच्या वर फवारतो, तिथे मॅनिफोल्डचा व्हॅक्युम नसतो. प्रेशर सारखंच ठेवायचं. एमपीएफआयची नक्कल इथे नको.

लीन दिसलं की प्रेशर वाढवणं: आधी थ्रॉटल बॉडीखालचं गास्केट बघा. हवा तिथून शिरत असेल तर तुम्ही भोक बुजवायला पेट्रोल ओतताय.

गेजच्या जोडणीला भरमसाट टेफ्लॉन टेप: त्याचा तुकडा सुटला की सरळ इंजेक्टरच्या तोंडात.

लॉकनट: तो कसताना स्क्रू सोबत थोडा फिरतो. १३ वर लावून बंद केलेला माझ्या हातून साडेचौदा झालाय. नट कसल्यावर पुन्हा वाचा, गेज मग काढा.